रॉबिन हूडचें रान कोठें होतें?

ज्यांनीं बाळपणीं इंग्रजी शाळेंत रॉबिन हूडच्या गोष्टी वाचल्या, त्यांच्या डोळ्यांपुढें त्या नांवाबरोबर एक चित्र हटकून उभें राहतें. शेरवुडचें घनदाट रान, हिरव्या अंगरख्यांतील धनुर्धारी, एक पोकळ ओक वृक्ष, आणि जवळच नॉटिंगहॅमच्या किल्ल्यांत दांतओठ खात बसलेला शेरीफ. एडविनस्टो गांवाजवळचा तो ओक पाहण्यास हजारों प्रवासी गेलेले आहेत. ‘मेजर ओक’ हें त्याचें नांव. यांतील ‘मेजर’ म्हणजे ‘मोठा’ नव्हे. मेजर हेमन रूक नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें १७९० सालीं या भागांतील ओक वृक्षांवर एक पुस्तक लिहिलें, त्याची ती आठवण आहे. झाडाचें वय ८०० ते १००० वर्षें मानतात. तेव्हां रॉबिन हूड तेराव्या शतकांतला धरला, तर त्याच्या काळीं हें झाड ऐन उमेदींत, आंतून चांगलें भरीव असणार. त्याच्या पोटांत लपावयास जागा कोठली?

झाडाची गोष्ट सोडून दिली तरी रानाची गोष्ट उरतेच. शेरवुड आणि नॉटिंगहॅम हीं नांवें खरीं आहेत, जागा आजही आहेत. परंतु या नायकाच्या सर्वांत जुन्या गाण्यांत त्याचें घर तेथें सांगितलें आहे काय? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाला निघालें कीं वाचक नॉटिंगहॅमपासून उत्तरेस पन्नासएक मैलांवर, यॉर्कशरमध्यें, एका उघड्याबोडक्या चुनखडीच्या माळावर येऊन उभा राहतो.

रॉबिन हूडविषयींचें सर्वांत मोठें जुनें काव्य म्हणजे ‘ए जेस्ट ऑफ रॉबिन हूड’. तें सोळाव्या शतकाच्या आरंभीं छापलें गेलें. रचना बहुधा पंधराव्या शतकांतील आहे. आठ सर्ग आणि ४५६ कडवीं असलेल्या या लांबलचक पोवाड्याचा आरंभ शेरवुडमध्यें होत नाहीं, बार्न्सडेलमध्यें होतो. रॉबिन एका झाडाला टेकून उभा आहे. जेवणाची वेळ झाली आहे, पण कोणी तरी पाहुणा पंक्तीस आल्याखेरीज तो पानावर बसणार नाहीं. आणि पाहुणा म्हणजे अर्थातच ज्याच्या थैलींतून जेवणाचा खर्च वसूल करतां येईल असा. तो लिट्ल जॉन आणि दुसऱ्या दोघां सोबत्यांना आज्ञा करतो कीं, ‘सेलिस’ पर्यंत चढून जा, तेथून वॉटलिंग स्ट्रीटकडे जा, आणि वाट चालणारा कोणी दिसतो का पाहा.

या आज्ञेंत तीन नांवें आलीं, आणि तिन्हींची निराळी परीक्षा करणें अवश्य आहे.

बार्न्सडेल हा पॉन्टिफ्रॅक्ट आणि डॉन्कास्टर या दोन गांवांमधला चारपांच मैलांचा मुलूख. लंडनहून स्कॉटलंडकडे जाणारा उत्तरेचा हमरस्ता याच्या मधून जात असे. हें राजाचें राखीव रान कधींच नव्हतें आणि येथें फार दाट झाडीही नव्हती. तरीही मध्ययुगांत या जागेचें नांव ऐकून वाटसरूच्या पोटांत गोळा उठत असे. याला सरकारी दप्तराची साक्ष आहे. १३०६ सालीं सेंट अँड्र्यूज व ग्लासगो येथील बिशप आणि स्कोनचा मठाधिपति असे तीन स्कॉटिश धर्माधिकारी कैद करून दक्षिणेस विंचेस्टरला नेले. त्यांच्या पहाऱ्याला वाटेंत कोठें आठ, कोठें बारा धनुर्धारी दिले होते, आणि पुढें दक्षिणेंत तर मुळींच दिले नाहींत. पण पॉन्टिफ्रॅक्टपासून टिकहिलपर्यंतच्या टप्प्यापुरते ते वीस केले. हिशेबनीसानें जास्त खर्चाचें कारण नोंदवलें आहे तें हेंच: बार्न्सडेलमुळें. कारकुनाला पोवाडे रचावयाचे नव्हते. त्याला फक्त जमाखर्चाचा मेळ घालावयाचा होता. म्हणूनच त्याच्या या शब्दाची किंमत मोठी आहे.

वॉटलिंग स्ट्रीट या नांवानें मात्र पूर्वीं पुष्कळ घोंटाळा होत असे. प्रसिद्ध वॉटलिंग स्ट्रीट हा रोमन रस्ता डोव्हरहून लंडनवरून वायव्येस जातो. तो यॉर्कशरच्या जवळपासही फिरकत नाहीं. त्यामुळें कवीला भूगोल येत नव्हता, असा निष्कर्ष काढावयाचा मोह होतो. परंतु मध्ययुगांत हें नांव एकाच रस्त्यास राखून ठेवलेलें नव्हतें. जुना रोमन रस्ता दिसला कीं ठिकठिकाणचे लोक त्याला वॉटलिंग स्ट्रीट म्हणत, आणि बार्न्सडेलमधून जाणाऱ्या रोमन रस्त्यालाही त्या भागांत हेंच नांव होतें. म्हणजे येथें चूक कवीची नव्हे. तो तेथल्या लोकांच्या तोंडचें नांव वापरीत होता, आणि दूरच्या वाचकानें तें नकाशांतल्या नांवाशीं ताडून पाहिलें.

आतां राहिलें सेलिस. हें तिघांत सर्वांत क्षुल्लक नांव, आणि सर्वांत मोलाचें. शेंकडों वर्षें छापील गाणें वाचणाऱ्यांना हा शब्द नुसता अडखळा वाटत असे. जोसेफ हंटर नांवाच्या सरकारी दप्तरखान्यांतील एका विद्वान् अधिकाऱ्यानें १८५२ सालीं त्याचा पत्ता लावला. पॉन्टिफ्रॅक्टच्या जहागिरींत ‘सेल्स’ नांवाची एक चिमुकली जमीन होती. इतकी लहान कीं, एका सरदारी वतनाचा दहावा हिस्सा एवढीच तिची मोजदाद. तिसऱ्या एडवर्ड राजाच्या ज्येष्ठ मुलास सरदारकी देण्याच्या प्रसंगानिमित्त जो कर १३४६ च्या सुमारास वसूल झाला, त्याच्या नोंदींत ती आढळते. पुढें १९७६ सालीं डॉबसन आणि टेलर या दोन इतिहासकारांनीं रॉबिन हूडच्या गाण्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, त्यांत या जागेचें वर्णन आहे. वेंट नदीवरील वेंटब्रिज या खेड्याच्या पूर्वेस पांचशेंएक यार्डांवर ‘सेल्स प्लँटेशन’ नांवाची झाडी आहे. जमीन नदीच्या खोऱ्यापासून शेंसव्वाशें फूट उंच चढलेली. तेथें उभें राहिलें कीं खालीं नदी ओलांडून येणारा उत्तरेचा हमरस्ता नजरेच्या टप्प्यांत येतो.

येथें क्षणभर थांबून विचार करण्यासारखें आहे. नॉटिंगहॅम, यॉर्क, डॉन्कास्टर हीं नांवें कोणत्याही शाहिराला ठाऊक असणार. तीं गाण्यांत आलीं म्हणून कांहीं सिद्ध होत नाहीं. परंतु सेल्ससारखें, दहा घरांपलीकडे कोणाला माहीत नसलेलें शेत, ज्याच्यावरून रस्ता दिसतो इतकीच ज्याची थोरवी, तें कवीच्या तोंडीं कसें आलें? वाटमाऱ्यांनीं टेहळणीला जेथें बसावें नेमकें तेथेंच गाण्यानें त्यांना पाठविलें आहे. हा योगायोग म्हणणें कठीण आहे. ज्यानें हा भाग प्रथम रचला, तो किंवा त्याचे श्रोते त्या चढणीवर उभे राहिले असले पाहिजेत. गाण्यांतील पुढचा तपशीलही याला धरूनच आहे. रस्त्यानें एक कंगाल सरदार येतो. ब्लाइथला किंवा डॉन्कास्टरला जेवावें असा त्याचा बेत असतो. बार्न्सडेलहून दक्षिणेस निघालेल्या घोडेस्वाराला ओळीनें लागणारीं हींच तीं गांवें. ‘रॉबिन हूड आणि कुंभार’ या दुसऱ्या जुन्या पोवाड्यांतही कुंभाराची आणि लिट्ल जॉनची पहिली गांठ वेंटब्रिजलाच पडल्याचें सांगितलें आहे. रटलंड परगण्यांत दुसरें एक बार्न्सडेल आहे व त्याचाही कांहीं अभ्यासकांनीं कैवार घेतला आहे. पण तेथें ना वेंटचा पूल, ना सेल्सचा चढ.

मग नॉटिंगहॅमचें काय? त्याला गाण्यांतून हांकलून देतां येत नाहीं. सुमारें १४५० च्या हस्तलिखितांत सांपडणाऱ्या ‘रॉबिन हूड आणि मठवासी’ या गाण्यांत रॉबिन शेरवुडमधून नॉटिंगहॅमच्या सेंट मेरी देवळांत प्रार्थनेला जातो आणि तेथें पकडला जातो. लिंकनच्या एका हस्तलिखितांत, सुमारें १४१० च्या पुढेंमागें, कोणी तरी रॉबिनचें नांव शेरवुडशीं जोडून एक ओळ खरडून ठेवलेली आहे. म्हणजे शेरवुडचा दावाही अर्वाचीन नव्हे. अडचण उत्पन्न होते ती दोन्ही जागा एकाच गाण्यांत येतात तेव्हां. नॉटिंगहॅमच्या शेरीफचा हुकूम नॉटिंगहॅमशर आणि डर्बीशर या दोन परगण्यांपुरता. यॉर्कशरचा शेरीफ वेगळा. मग बार्न्सडेलच्या लुटारूंशीं त्याचें काय देणेंघेणें? शिवाय लिट्ल जॉन शेरीफच्या घरांतील चांदीचीं भांडीं उचलून रॉबिनकडे पोंचतो आणि लगोलग शेरीफला रानांत शिकार करतांना गांठतो. पन्नास मैलांचें अंतर येथें गिळलें गेलें आहे. सरदाराचें घरही असेंच फिरतें. आरंभीं त्याचें ठिकाण ‘व्हेरिसडेल’ म्हणजे बहुधा लँकशरमधील वायर्सडेल. पुढें नॉटिंगहॅमहून जखमी लिट्ल जॉनला पाठीवर घेऊन पळतांना त्याचा किल्ला एकदम जवळच्या रानांतच लागतो.

ही कवीची बेफिकिरी नसून शिवण आहे. दोन निरनिराळ्या मुलुखांतलीं गाणीं कोणी तरी एकत्र शिवलीं, आणि भूगोल जेथें उसवतो तेथें टांका दिसतो. एकीकडे हमरस्त्यावरील लूट, श्रीमंत मठवासी, यॉर्कचा सेंट मेरी मठ आणि चारशें पौंडांचें कर्ज. हा यॉर्कशरचा भाग. दुसरीकडे शेरीफ, बाणांची शर्यत आणि राजाचीं हरणें, हा नॉटिंगहॅमचा. हरणांचा मुद्दा विशेष बोलका आहे. इंग्रजी कायद्यांत ‘फॉरेस्ट’ म्हणजे नुसतें रान नव्हे. राजाच्या शिकारीसाठीं निराळे कायदे लागू केलेला प्रदेश, मग त्यांत गांवें आणि शेतें कां असेनात. शेरवुड असा प्रदेश होता. बार्न्सडेल नव्हता. राजाचीं हरणें मारण्याचा गुन्हा शेरवुडांत शोभतो, आणि वाटमारी बार्न्सडेलमध्यें; अर्थात् शेरवुडांतूनही रस्ते जात होते, तेव्हां ही वांटणी सुरीनें कापल्यासारखी करूं नये. उत्तरेस कार्लाइलजवळ इंगलवुड नांवाचें तिसरें राखीव रान आहे. अॅडम बेल आणि त्याचे दोन सोबती यांचा पोवाडा तेथला. सुमारें १४२० सालीं अँड्र्यू ऑफ विंटन या स्कॉटिश बखरकारानें रॉबिनला इंगलवुड आणि बार्न्सडेल या दोन्ही जागीं फिरविलें आहे. शेरवुडचें नांव त्यानें घेतलेलें नाहीं.

जागा सांपडली कीं माणूसही सांपडेल, अशी आशा उत्पन्न होणें साहजिक आहे. हंटरलाही ती झाली. त्याला वेकफील्डच्या १३१६-१७ च्या न्यायसभेच्या नोंदींत एक रॉबर्ट हूड सांपडला होता. वेकफील्ड बार्न्सडेलपासून दूर नाहीं. ‘जेस्ट’मधील राजाचें नांव एडवर्ड, आणि दुसरा एडवर्ड १३२३ मध्यें उत्तरेच्या दौऱ्यावर होता; त्या नोव्हेंबरांत तो नॉटिंगहॅमला होता. गाण्यांत राजा रॉबिनला क्षमा करून चाकरीस ठेवतो आणि वर्षसव्वावर्षानें रॉबिन कंटाळून रानांत परततो. आणि राजवाड्याच्या १३२४ च्या पगारपत्रकांत चक्क एक ‘रॉबिन हूड’! २२ नोव्हेंबर १३२४ रोजीं, आतां त्याच्यानें काम होत नाहीं म्हणून, पांच शिलिंग देऊन त्याला निरोप दिल्याची नोंद आहे. हंटरनें हे सर्व धागे एकत्र विणले, आणि कोणाचेंही मन भुलावें असें वस्त्र तयार झालें. परंतु पुढें त्याच खात्यांतला एक फाटका तुकडा वाचला गेला. त्यांत हाच चाकर २७ जून १३२३ रोजीं पगार घेतांना दिसतो. म्हणजे राजा नॉटिंगहॅमला पोंचण्यापूर्वींच तो राजाच्या पदरीं होता. जो अगोदरच नोकरींत आहे, त्याला रानांतून क्षमा करून आणण्याचें कारणच राहत नाहीं. एका तुकड्यानें सगळी इमारत खालीं आणली.

त्याहून जुनी एक नोंद १९३६ सालीं एल्. व्ही. डी. ओवेन यांनीं उजेडांत आणली. तिचा अर्थ समजण्यास त्या वेळचा कायदा थोडा ठाऊक हवा. आरोपी परगण्याच्या सभेंत वारंवार पुकारूनही हजर झाला नाहीं, तर त्याच्यावरचें कायद्याचें छत्र काढून घेत, आणि त्याची चीजवस्तू राजाच्या खजिन्यांत जमा होई. गुन्हेगार हातीं लागो न लागो, त्याच्या वस्तूंची किंमत मात्र हिशेबांत बिनचूक चढे. यॉर्कच्या १२२५ च्या न्यायसभेनंतर खजिन्याच्या गुंडाळ्यांत अशीच एक रक्कम चढली: फरारी रॉबर्ट हॉड, ३२ शिलिंग ६ पेन्स. पुढच्या एका वर्षीं कारकुनानें त्याचेंच नांव ‘हॉबहॉड’ असें सलगीचें लिहिलें आहे. याच्याविषयीं याहून अधिक माहिती नाहीं. पण परगणा यॉर्कशरचा आहे, माणूस फरारी आहे, आणि काळही जमतो.

हा काळ जमतो असें म्हणण्याचें कारण डेव्हिड क्रुक यांनीं १९८४ मध्यें दाखविलेल्या दुसऱ्या एका नोंदींत आहे. बर्कशरमध्यें १२६१ सालीं एका टोळीवर आरोप ठेवले गेले. तींत रॉबर्ट लोहाराचा मुलगा विल्यम हा एक होता. पुढच्याच वर्षीं खजिन्याच्या कारकुनानें हाच माणूस ‘विल्यम रोबहूड’ या नांवानें लिहिला. तो पळून गेला होता, त्याच्या बापाचें नांव रॉबर्ट होतें, आणि कारकुनाला आपसूक एक टोपणनांव सुचलें. म्हणजे १२६२ पर्यंत दूर दक्षिणेंत, सरकारी कचेरींतसुद्धां, फरारी माणसाला ‘रोबहूड’ म्हणण्याची रूढि पडली होती. त्यानंतरचे रॉबिन हूड शोधण्यांत फारसा अर्थ राहत नाहीं. ते मूळ पुरुष नसून प्रसिद्धि झाल्यानंतरचे नामधारी असूं शकतात.

जागांच्या नांवांनाही हाच नियम लावला पाहिजे, आणि येथेंच हौशी शोधक फसतात. इंग्लंडांत रॉबिन हूडची विहीर, त्याची टेकडी, त्याचा खडक असलीं स्थळें डझनांनीं आहेत. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर ‘रॉबिन हूडचा उपसागर’ आहे. ‘रॉबिन हूडचीं निशाणें’ म्हणून ज्या उंचवट्यांकडे बोट दाखवितात, ते पुष्कळदां इतिहासपूर्व काळच्या थडग्यांचे ढीग असतात. गाणें लोकप्रिय झालें कीं जागा नांव मागून घेते. म्हणून ज्या नांवांत रॉबिन आहे, तीं त्याच्याविषयीं कांहीं सांगत नाहींत. सेल्समध्यें रॉबिन नाहीं, म्हणूनच तें साक्षीला चालतें. फार तर एवढें म्हणतां येईल कीं, अशीं नांवें कीर्ति कोठवर, केव्हां पोंचली हें दाखवितात. बार्न्सडेलमधील जमिनीच्या १४२२ च्या एका दस्तऐवजांत शीव सांगतांना ‘रॉबर्ट हूडचा दगड’ लिहिला आहे. तो दगड नाहींसा झाला. जवळच्या रॉबिन हूडच्या विहिरीवर अठराव्या शतकाच्या आरंभीं अर्ल ऑफ कार्लाइलनें व्हॅनब्रू या नामांकित शिल्पज्ञाकडून दगडी छत्री बांधवून घेतली. १९६० नंतरच्या दशकांत हमरस्ता रुंद करतांना ती छत्री उचलून बाजूला ठेवली; आतां छत्री आहे, तिच्याखालीं विहीर नाहीं. वेंटब्रिजलाही १९६१ पासून रस्ता खेड्यांत उतरत नाहीं, उंच पुलावरून सरळ निघून जातो.

या नांवाचा मोह विसाव्या-एकविसाव्या शतकांतही सुटला नाहीं. डॉन्कास्टरजवळच्या जुन्या लष्करी विमानतळावर २००५ सालीं जो मुलकी विमानतळ उघडला, त्याला रॉबिन हूडचें नांव दिलें होतें, आणि नॉटिंगहॅमकडे त्याबद्दल थोडी कुरकुरही झाली. पुढें २०१६ मध्यें तें नांव काढलें आणि २०२२ मध्यें तेथील प्रवासी विमानें बंद झालीं. निदान जागा निवडणाऱ्यांचा भूगोल चुकला नव्हता.

शेवटची जागा मृत्यूची. ‘जेस्ट’ सांगतें कीं, कर्कलीजच्या मठांतील मुख्य संन्यासिनीकडे रॉबिन शीर उघडून रक्त काढून घेण्यास गेला आणि तिनें दगा केला. हा मठ कल्पित नाहीं. हडर्सफील्डजवळ तेथें सिस्टर्शियन पंथाच्या संन्यासिनी राहत. मठ आठव्या हेन्रीच्या वेळीं मोडला, तरी त्याची वेशीची इमारत उरली आहे. रॉबिन तेथें पुरला असल्याचें लेलंड या प्रवाशानें सोळाव्या शतकांतच टिपून ठेवलें आणि १६६५ मध्यें नॅथनिएल जॉन्स्टन यांनीं थडग्यावरील शिळेचें चित्रही काढलें. मरणोन्मुख रॉबिननें खिडकींतून अखेरचा बाण सोडला, आणि तो पडला तेथें त्याला पुरलें, ही हृदयस्पर्शी कथा मात्र जुन्या गाण्यांत नाहीं. ती अठराव्या शतकांतल्या छापील पुस्तिकांतून पसरली. दाखविली जाणारी जागा त्या इमारतीपासून सुमारें सहाशें यार्ड दूर आहे. धडधाकट धनुर्धाऱ्यालाही इतक्या लांब बाण मारणें अवघड, मग रक्त वाहून गेलेल्याची काय कथा! शिळेचे कपचे दांतदुखीवर चालतात या समजुतीनें लोकांनीं ती इतकी फोडली कीं पुढें भोंवतीं लोखंडी कठडा घालावा लागला. अठराव्या शतकांत त्या जमिनीचे मालक सर सॅम्युएल आर्मिटेज यांनीं एकदां शिळेखालीं यार्डभर खोल खणून पाहिलें. हाडें निघालीं नाहींत. माती पूर्वीं कोणी कधीं हलविली असेल असेंही दिसलें नाहीं.